जवान सीमेवर, घर खान्देशात : संपर्क कसा टिकवायचा

संपर्काची तयारी रजेत करायची असते, सीमेवर गेल्यावर नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजेवरच्या जवानांना एकाएकी बोलावणं आलं. काही जण तर अंगावरची हळद उतरायच्या आत निघाले. अशा घाईत पेटी भरली जाते, देवाला नारळ फुटतो, पण पत्ता लिहून घ्यायचा आणि बँकेची कामं उरकायची राहून जातात. मग जवान सीमेवर पोचतो, फोन बंद होतो, आणि माय, आबा, बायको तिघंही एकाच मोबाइलकडे डोळे लावून बसतात.

खालची माहिती मुख्यतः भूसेनेतल्या जवानाच्या घरासाठी आहे. जहाजावरच्या नौसैनिकाची पत्रं फ्लीट मेल ऑफिसमार्फत जातात. सीआरपीएफ किंवा बीएसएफवाल्याचा पत्ता त्याच्या बटालियनप्रमाणे असतो, तो त्याच्याकडूनच घ्यावा.

पत्ता : एक अक्षर चुकलं तरी पत्र फिरतं

फील्डमधल्या जवानाच्या पत्त्यात गाव, जिल्हा, राज्य काहीच नसतं. क्रम असा असतो :

आर्मी नंबर (शेवटच्या इंग्रजी अक्षरासह)
हुद्दा आणि पूर्ण नाव
कंपनी, बॅटरी किंवा स्क्वाड्रन (युनिटमधली त्याची तुकडी)
युनिटचं नाव
मार्फत ५६ एपीओ (किंवा ९९ एपीओ)
पिन : ९ ने सुरू होणारा सहा आकडी

एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ एपीओची डाक दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जमा होते, ९९ एपीओची कोलकात्याच्या. कोणतं युनिट सध्या कुठे आहे हे तिथल्या सैन्य डाक सेवेच्या लोकांना माहीत असतं. थैली तिथून त्या भागातल्या फील्ड पोस्ट ऑफिसात जाते आणि युनिटचा डाकवाला ती उचलून आणतो. युनिट राजस्थानातून कुपवाड्याला हललं तरी तुमच्या पाकिटावरचा पत्ता तोच राहतो, पत्र आपोआप युनिटच्या मागोमाग जातं. पूर्वेकडे बदली झाली तर ५६ चं ९९ होऊ शकतं, तेवढं विचारून घ्यायचं.

बऱ्याच घरांतून होणारी चूक म्हणजे लवकर पोचावं म्हणून पत्त्याखाली 'लेह' किंवा 'जम्मू' लिहिणं. पिन एकीकडचा आणि गाव दुसरीकडचं दिसलं की छाननी करणारा गोंधळतो, पाकीट नागरी पोस्टाच्या वाटेला लागतं आणि महिन्याने 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत येतं. शिवाय युनिट कुठे आहे ते पाकिटावर उघडं पडतं. जागेचं नाव लिहू नका. पत्ता इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि पिन इंग्रजी आकड्यांत लिहिला तर वाचायला कुठेच अडत नाही. घरात इंग्रजी लिहिणारं कोणी नसेल तर रजेत त्याच्याच हाताने वीस-पंचवीस पाकिटांवर पत्ता लिहून ठेवा. माहेरी, बहिणीकडे, मोठ्या भावाकडे त्यातली चार-चार द्या.

पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला पिनसह हवाच. जळगाव शहर असेल तर ४२५००१, धुळे ४२४००१, नंदुरबार ४२५४१२. खेड्याचा पिन आपल्या शाखा डाकघरातून खात्री करून घ्या.

अंतर कितीही असो, दर देशातल्या इतर पत्रांचाच. अंतर्देशीय पत्र अडीच रुपये, साधं पाकीट २० ग्रॅमपर्यंत पाच रुपये. अंतर्देशीयात फोटो, राखी, अंगारा असं काही घालायचं नाही, त्यात काही ठेवलं तर जादा आकार लागतो. त्यासाठी पाकीट वापरा. महत्त्वाचा कागद असेल तर स्पीड पोस्ट करा. १ सप्टेंबर २०२५ पासून जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर 'रजिस्टर' मागितलं तर तिकडेच पाठवतील. ट्रॅकिंगवर पाकीट बेस पोस्टापर्यंत दिसतं आणि पुढे बहुधा हलत नाही. ते हरवलं असं समजू नका, पुढचा प्रवास दाखवायचा नसतो.

पोचायला आठ-पंधरा दिवस धरा. लडाखकडे बर्फ पडून रस्ता बंद झाला की थैली विमानाच्या जागेवर अवलंबून असते, तेव्हा महिनाही जातो. म्हणून राखी पौर्णिमेच्या किमान तीन आठवडे आधी टाका.

पत्रात काय लिहायचं

फोन असताना पत्र कशाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत. फोन पाच मिनिटांत संपतो. पत्र खिशात राहतं आणि पहाऱ्यावरून आल्यावर पुन्हा वाचता येतं. चौकीवर रेंज नसते, पण रसद जिथे पोचते तिथे डाकही पोचते.

प्रत्येक पत्रावर वर कोपऱ्यात अनुक्रमांक आणि तारीख टाका. पत्रं मागेपुढे पोचतात. सातवं आधी आणि पाचवं नंतर मिळालं तर 'आबांना दवाखान्यातून सोडलं' हे आधी कळतं आणि 'दवाखान्यात नेलं' हे नंतर. क्रमांक असला की त्याला उलगडा होतो, मधलं एखादं गहाळ झालं तेही समजतं. त्यानेही तसंच करावं.

मजकूर बारीकसारीक असू द्या. कापसाची कितवी वेचणी झाली, भाव काय फुटला, केळीला घड कसे पडले, विहिरीला पाणी कुठवर आहे, पोरीने पाढा कितीपर्यंत म्हटला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका कोणत्या झाडाला बांधला. 'आम्ही सर्व मजेत, तू काळजी घे' एवढ्याच दोन ओळींच्या पत्राने उलट काळजी लागते, काहीतरी लपवतायत असं वाटतं. घरात बोलणं अहिराणीत असेल तर पत्रही अहिराणीतच लिहा. 'बठ्ठं बरं शे' (सगळं बरं आहे) हे मायच्या तोंडचे शब्द तसेच आलेले बरे. मायला लिहिता येत नसेल तर नातवाने ती बोलेल तसं उतरवावं, सुधारू नये.

युद्धाच्या काळात पत्रं तपासली जाऊ शकतात. त्यामुळे कुठे आहेस, किती जण आहात, कधी हलणार, असे प्रश्न पत्रात विचारूच नका.

फोन : नेटवर्कची गणितं आधी समजून घ्या

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणजे जळगावात घेतलेलं प्रीपेड सिम पठाणकोटच्या पुढे गेलं की मुकं होतं, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी झालं. तिकडे नेमणूक होणार असेल तर रजेतच नंबर पोस्टपेड करून घ्यावा, किंवा त्याने तिथे गेल्यावर तिथलं सिम घ्यावं. ईशान्येकडे ही अडचण नाही.

जुना प्रीपेड नंबर घरी ठेवून गेला असेल तर तो जिवंत ठेवा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. महिन्यातून एकदा त्यावरून फोन करा आणि मूळ शिल्लक किमान २० रुपये राहू द्या. बँकेला तोच नंबर जोडलेला असतो, तो गेला की सगळं अडतं.

जिथे टॉवर नाही तिथे बऱ्याच ठिकाणी उपग्रहाचा फोन असतो. बीएसएनएलच्या या फोनचा जवानांसाठीचा दर २०१७ च्या दिवाळीत मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपया झाला. पैशाचा प्रश्न आता राहिला नाही, रांगेचा आहे. एका फोनमागे दहा-वीस जण उभे असतात, म्हणून बोलणं मिनिटांत मोजलं जातं. या फोनची दोन वैशिष्ट्यं घरच्यांना माहीत हवीत. पहिलं, नंबर अनोळखी आणि विचित्र दिसतो. 'फसवणुकीचा असेल' म्हणून कापू नका, उचला आणि आवाज ओळखा. दुसरं, उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतो. तुमचा आवाज जाऊन त्याचं उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं. दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि 'हॅलो, हॅलो' करण्यात वेळ संपतो. वाक्य पूर्ण करा, 'बोल' म्हणा आणि गप्प बसा. स्पीकर लावू नका, आवाज घुमतो. भोवती बारा जण जमवून प्रत्येकाच्या हाती फोन देणं तर नकोच.

साधं नेटवर्क कमी असेल तर व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडा. इंटरनेट नाही तिथेही एसएमएस निघून जातो. देवनागरी एसएमएसात एका संदेशाला ७० अक्षरंच बसतात, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. इंग्रजी लिपीत हीच मर्यादा १६० आहे. लांबलचक मजकुराचे तुकडे होतात आणि अशक्त रेंजमध्ये एखादा तुकडा अडकतो. 'आबा घरी आले. ताप उतरला. गुड्डी शाळेत गेली.' एवढं पुरे. थोडं इंटरनेट असेल तर व्हॉट्सॅपवर मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवा. रेंज आली की तो आपोआप उतरतो आणि पुन्हा ऐकता येतो. लहान मुलाचा आवाज असाच पाठवावा.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर उलटी अडचण असते, रेंज घरीच नसते. टेकडीवर किंवा ठरावीक झाडाखाली जाऊन फोन घ्यायचा असेल तर दिवस आणि तास ठरवा, उदाहरणार्थ रविवारी संध्याकाळी सहा ते सात. त्याचबरोबर बाजारगावातल्या एखाद्या विश्वासू दुकानदाराचा किंवा नातेवाइकाचा नंबर त्याला पर्यायी म्हणून द्या. वेळ ठरवली म्हणजे वचन झालं असं नव्हे. 'दोन रविवार फोन आला नाही तरी घाबरायचं नाही' हे त्याच बैठकीत ठरवून टाका.

घरात एकच माणूस संपर्काचा ठेवा. शक्यतो बायको, नाहीतर भाऊ. फोन तिच्याकडे येईल आणि ती बाकीच्यांना कळवेल. सासर-माहेर दोघांनीही हे मान्य करायला हवं. 'आम्हाला फोन का केला नाही' हा रुसवा पुढच्या फोनची निम्मी मिनिटं खातो.

फोन येण्याआधीच कागदावर तीन-चार मुद्दे लिहून भिंतीला लावा. भांडणं, हप्ते, बांधाचा वाद, भाऊबंदकीतली कुरबुर यातलं काहीही पहिल्या दोन मिनिटांत काढू नका.

ओटीपीने वेळ खाऊ नये म्हणून

घरच्यांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो 'तुझ्या मोबाइलवर नंबर आला का' यात. तो बर्फात, फोन बंद, आणि इथे ट्रॅक्टरचा हप्ता अडलेला. रजेत ही कामं करून टाका : पगाराचं किंवा घरखर्चाचं एक खातं पत्नीबरोबर जोडखातं, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने, तिचं स्वतंत्र एटीएम कार्ड आणि तिचा मोबाइल जोडलेला. गॅस, वीजबिल, शाळेचं ॲप तिच्या नंबरवर. सातबारा त्याच्या नावावर असेल तर शेतकरी ओळख क्रमांक काढून घेणं आणि ई-पीक पाहणी कोण, कोणत्या मोबाइलवरून करणार ते ठरवणं. व्यवहार जास्त असतील तर विश्वासातल्या माणसाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र.

लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद युनिटमध्ये 'पार्ट टू ऑर्डर'ने होते. त्यासाठी लग्नाचा किंवा जन्माचा दाखला लागतो. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं आहे का ते आधीच पाहा. सखाराम आणि सकाराम एवढ्या फरकावर वर्ष-वर्ष नोंद अडते आणि पुढे पत्नीच्या हक्काचे कागद अडतात. वारस म्हणून कोणाचं नाव आहे हेही त्याच्यासमोर बसून विचारा. तो विषय अशुभ मानून टाळतात, त्याचा त्रास शेवटी घरच्या बाईलाच होतो.

काय बोलायचं नाही, काय टाकायचं नाही

जुलै २०२० मध्ये भूसेनेने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती. जवान नियम पाळतो, घरचे आणि गावातले मात्र मोडतात. 'आपल्या गावाचा वाघ आज अमुक सेक्टरला रवाना' असा फलक, गाडीचा नंबर आणि स्टेशनसह फोटो गावाच्या ग्रुपवर पडतो. तिथून तो कुठे जातो हे कोणाच्याच हातात नाही. मिरवणूक काढायची तर काढा, पण जागा, युनिट आणि तारीख वगळून. ग्रुपचा ॲडमिन कोण हे सरपंचांना माहीत असतंच, त्यांच्यामार्फत सांगा.

गणवेशातला फोटो डीपीला नको. फोनच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद ठेवा. व्हॉट्सॅपवर फोटो साधा पाठवला तर ती नोंद निघून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. लाइव्ह लोकेशन कधीच नको. व्हॉट्सॅपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

सांकेतिक शब्द ठरवण्याची खोडही काही घरांत असते. 'मामाच्या गावाला आलोय' म्हणजे कारगिल, 'आत्याकडे' म्हणजे सिक्कीम. हे करू नका. अशी कोडी सहज फुटतात, आणि सापडलं तर कारवाई त्याच्यावर होते.

'हेडक्वार्टरमधून बोलतोय, मुलाचं युनिट कुठे आहे ते तपासायचंय' असा फोन आला तर काहीच सांगू नका. खऱ्या हेडक्वार्टरला ते माहीत असतं. '+९२' ने सुरू होणारा नंबर पाकिस्तानचा, पण भारतीय नंबर दिसला म्हणजे माणूस खरा असंही नाही. 'तुमचा मुलगा जखमी आहे, ताबडतोब पैसे पाठवा' ही सरळ लबाडी असते. जखमी जवानाच्या उपचाराला घरून पैसे मागवत नाहीत.

पार्सल

५६ एपीओला खासगी कुरिअर पोचत नाही, टपाल खात्यातूनच पाठवा. वजन पाच किलोच्या आत ठेवा. खाली उतरलेलं खोकं शेवटी कोणीतरी पाठीवर चौकीपर्यंत नेतो. खोक्यात आधी जाड प्लास्टिक, मग वस्तू, मग मांजरपाटाचं कापड शिवून पत्ता न पुसणाऱ्या शाईने. तोच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून आतही टाका, वरचं कापड फाटलं तर उपयोगी पडतो.

खायला काय द्यावं, यात माया आडवी येते. कळण्याची भाकरी, भरीत टिकत नाही हे सगळ्यांना कळतं. लोणच्याची बरणी मात्र हमखास जाते, तेल गळतं आणि सोबतची पत्रंही खराब करतं. त्याऐवजी कोरडी लसूण-शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, जाड शेव द्या. लंगरमध्ये (सैन्याच्या स्वयंपाकघरात) शेवभाजी होते आणि वीस जण खातात. बिबडे (ज्वारीचे मोठे पापड) पाठवायचे तर आधीच तळहाताएवढे तुकडे करा, नाहीतर तिथे भुगाच पोचतो. केळीच्या वेफरची हवा भरलेली पाकिटं उंचावर फुगून फुटतात, कारण बाहेरचा हवेचा दाब कमी होतो. ती फोडून, हवा दाबून काढून साध्या पिशवीत बांधा. भरपूर तुपाचे डिंकाचे लाडू थंडीत दगड होतात, लहान वळा आणि तूप कमी घाला. कानबाईचे (खान्देशातल्या कुलदेवीचे) रोट पाठवू नयेत. ते कुळातच खायचे असतात, आणि पार्सल सगळ्या बराकीत वाटलं जातं.

काडेपेटी, लायटर, अत्तराचे फवारे, पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या पार्सलात चालत नाहीत. पॉवर बँक द्यायचीच तर रजेवरून परतताना त्याच्या हातातल्या बॅगेत, विमानातही जमा करायच्या सामानात ती टाकता येत नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा ती अंगाजवळ, कपड्यांच्या आत ठेवावी.

वाईट बातमी कळवताना

तार बंद झाली जुलै २०१३ मध्ये. 'मदर सीरियस, कम सून' हा मार्ग तेव्हाच संपला, आणि खोट्या तारांमुळे खऱ्या तारेवरचा विश्वास त्याआधीच उडाला होता. आता बातमी थेट जवानाच्या मोबाइलवर टाकायची नाही. तो हत्यार घेऊन पहाऱ्यावर असेल, एकटा असेल. युनिटच्या कार्यालयाला किंवा त्याच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांना फोन करा. ते त्याला पहाऱ्यावरून उतरवतील, सोबतीला माणूस देतील आणि मग सांगतील. हे नंबर रजेत लिहून घेतलेले हवेत.

फोनवर एवढं सांगा : जवानाचा नंबर-हुद्दा-नाव, आजारी किंवा मयत व्यक्तीचं त्याच्याशी नातं, दवाखान्याचं नाव आणि गाव, डॉक्टर बोलू शकतील असा फोन, तुमचा नंबर. डॉक्टरांच्या कागदाचा फोटो तयार ठेवा. स्थिती आहे तशी सांगा. किरकोळ ताप 'गंभीर' म्हणून कळवला तर पुढच्या खऱ्या वेळी साहेब आधी चौकशी करतील. रजा वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक असते, अग्निवीराला एकूण ३०. प्रत्येक दिवस जपून वापरायचा असतो.

युनिटचा फोन लागत नसेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून युनिटला कळवता येतं. जमिनीचा दावा, शेजाऱ्याने बांध कोरला, घरच्यांना धमकी, अशा तक्रारीही तिथे लेखी द्या. कोर्टात जवानाविरुद्ध दावा असेल आणि तो सीमेवर असेल, तर १९२५ च्या भारतीय सैनिकांच्या दाव्यांबाबतच्या कायद्याने कामकाज थांबवून घेता येतं. वकिलाला याची आठवण करून द्या, बऱ्याचदा तो कायदा शोधून काढावा लागतो.

फोन येतच नाही तेव्हा

कारवाईआधी मोबाइल जमा करून घेतात. टॉवर बंद केले जातात. सियाचीनच्या चौकीवर साधारण तीन महिने काढावे लागतात आणि प्रत्येक चौकीवर फोन नसतो. त्यामुळे शांतता ही बहुतेक वेळा आदेशामुळे असते. टीव्हीवर 'चकमकीत जवान जखमी' दिसलं की प्रत्येक घराला आपलाच वाटतो. फोनसाठी आधी ठरवलेला अवधी (दोन रविवार वगैरे) उलटेपर्यंत युनिटला फोन लावू नका. गावातल्या दहा घरांनी एकदम लावले तर खरी बातमी द्यायची लाइनच अडते. खरी बातमी युनिट, रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं कार्यालय), सैनिक कल्याण कार्यालय किंवा पोलीस ठाण्यामार्फत येते. व्हॉट्सॅपवर यादी फिरत असेल तर ती पुढे पाठवू नका, शेजारच्या गावातली मायही ती वाचते.

अवधी उलटला तर आधी युनिट, मग सैनिक कल्याण कार्यालय, मग रेकॉर्ड ऑफिस, या क्रमाने विचारा. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे ठरतं : मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (अभियंता दल) पुण्याला खडकीत, सिग्नल्सचं (संदेशवहन दल) जबलपूरला. अर्जावर आर्मी नंबर नसेल तर तिथेही कोणी मदत करू शकत नाही. म्हणून नंबर, युनिट, पिन, सुभेदार साहेबांचा फोन आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता एका कागदावर लिहा आणि तीन प्रती काढा : एक घरातल्या कपाटात, एक त्याच्या सासरी, एक पोलीस पाटलांकडे.